जुनी गाडी स्लोला थरथरते आणि दुरुस्ती टिकत नाही: दोष कुठे आणि कसा शोधायचा

स्लो (पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन फिरतं तो वेग) थोडी वाढवून दिली की जुन्या गाडीची थरथर थांबते, आणि नेमकं त्यामुळेच हे दुखणं वर्षानुवर्षं सुटत नाही. गाडी गॅरेजला नेली, प्लग साफ झाले, एअर फिल्टरला हवा मारली, रेसचा स्क्रू अर्धा फेरा पिळला, बिल झालं. काही आठवडे बरे जातात. मग एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग पुन्हा हलायला लागतं, आरशात मागची गाडी नीट दिसेनाशी होते आणि ऐन चौकात इंजिन बसतं. दुसरा मेकॅनिक गाठला तर तोही प्लगपासूनच सुरुवात करतो.

हा दोष पकडता येतो, आणि बहुतेक वेळा घरच्या घरी, चार पाने, पक्कड आणि एका मल्टिमीटरवर पकडता येतो. अट एकच: काय बिघडलंय हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही आणि एकही स्क्रू पिळायचा नाही.

पुढचं सगळं मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ही गाडी बनत राहिली, आणि सांगली-लातूरपासून रत्नागिरीपर्यंत अजूनही रोजच्या वापरात दिसते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीला कार्बोरेटरचं आणि २००० च्या आसपास एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारं) झालेलं. ओम्नी, जुनी अल्टो, झेन, सँट्रो यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त पार्ट वेगळ्या जागी असतात.

तीन सिलिंडरमुळे एक गोष्ट सोपी होते. ९०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो. त्यातला एक गेला म्हणजे इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि तो झटका सीटखाली लगेच जाणवतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर कमकुवत झाला तर तो बरेच दिवस लपून राहू शकतो. ८०० मध्ये तो लपत नाही.

आधी थरथर कोणत्या जातीची आहे ते बघा

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एसी, दिवे, पंखा सगळं बंद करा. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन इंचांवर वहीचा कागद धरा. कागद एकसारखा फडफडत बाहेर ढकलला जात असेल तर तिन्ही सिलिंडर जळतायत. ठरावीक तालावर मध्येच एक ठोका गळत असेल तर एक सिलिंडर ठार आहे किंवा अर्धवट चालतोय. ठोके गळतायत पण ताल सापडत नसेल तर स्पार्क कमजोर आहे किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडलंय. आणि कागद मधूनमधून आत ओढला जात असेल, सायलेन्सरला चिकटू बघत असेल, तर जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची शंका घ्यावी. तसं दिसलं तर प्लग आणि वायरींवर पैसे घालायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासून घ्या.

कागद एकसारखा फडफडतोय, आवाजही गोल आहे आणि तरी केबिन थरथरतंय, तर इंजिन निर्दोष असण्याची दाट शक्यता आहे. गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन म्हणतात ते इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असतं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं डुलतं आणि ते डुलणं गिळायचं काम त्या रबरांचं असतं. बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी पटकन रेस द्यायला सांगा. इंजिन एका बाजूला दणका देऊन उचललं गेलं तर रबर संपलंय.

आणखी एक जात म्हणजे हंटिंग: रेस आपोआप वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. यात सिलिंडर बहुधा ठीक असतात आणि घोटाळा हवेचा असतो. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण परत परत येणाऱ्या तक्रारींमध्ये हाच सगळ्यांत जास्त चुकीचा हाताळला जातो.

एक दिवस गाडी नेहमीसारखी वापरा आणि थरथर कधी होते ते लिहून ठेवा. फक्त गार असताना, की गरम झाल्यावर? ब्रेक दाबून धरला की वाढते का? हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर? पाऊस पडून गेलेल्या सकाळी? ब्रेक दाबल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) किंवा त्याची नळी हवा घेतेय, हे बॉनेट न उघडताही सांगता येतं. मेकॅनिककडे जायचंच असेल तर "गाडी मिस मारतेय" (म्हणजे मध्येच ठोका गाळतेय) एवढं सांगण्यापेक्षा हा कागद त्याच्या हातात द्या. चांगला मेकॅनिक त्या चार ओळींवरून अर्धं काम उरकतो.

पीयूसीची पावती वाचा

पेट्रोल गाडीच्या पीयूसी पावतीवर दोन आकडे असतात, सीओ टक्क्यांत आणि एचसी पीपीएममध्ये. आपण फक्त पास की नापास तेवढं बघतो आणि पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. पण ही मोजणी स्लोवरच होते, म्हणजे आपल्या दुखण्याची तपासणी अगदी स्वस्तात झालेली असते.

एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओ म्हणजे हवा कमी पडल्यामुळे अर्धवट जळालेलं पेट्रोल. एचसी भरपूर आणि सीओ कमी असेल तर सिलिंडर मिस मारतोय, आणि कारण स्पार्क, कॉम्प्रेशन किंवा जास्तीची हवा यांपैकी एक आहे. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ जास्त आणि एचसी जेमतेम असेल तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे, पण पेट घेतंय. बीएस-२ आणि बीएस-३ (प्रदूषणाच्या सरकारी टप्प्यांच्या) गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के सीओ आणि ७५० पीपीएम एचसी अशी आहे, त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) शाबूत असेल तर आकडे थोडे झाकले जातात, म्हणून मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून फरक बघा. पंधरा वर्षं पूर्ण होऊन गाडी फेरनोंदणीला न्यायची असेल, तर हे आधीच बघून ठेवणं शहाणपणाचं.

कोणता सिलिंडर?

ताल धरून ठोका गळत असेल तर पुढचं काम तो सिलिंडर शोधायचं. जुनी पद्धत म्हणजे चालू इंजिनात एकेक प्लगची वायर ओढून बघायची. एमपीएफआय गाडीत तसं करू नका. करंट लागतो ते वेगळंच, पण न जळालेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा. इंजिन स्लोला चालू ठेवा, पहिल्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, फरक ऐका, लावा. मग दुसरा, मग तिसरा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की रेस धाडकन पडते. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आपला.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग. नाही गेला तर प्लगच्या वायरींची तशीच अदलाबदल करा, लांबी पुरत असेल तर. मग इंजेक्टरची. दोष ज्या पार्टबरोबर सरकतो तोच बदलायचा. यात एक पैसाही खर्च होत नाही, आणि तिन्हींची अदलाबदल करूनही दोष त्याच सिलिंडरमध्ये राहिला, तर उरतं कॉम्प्रेशन, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला गॅप), किंवा त्या सिलिंडरच्या इनटेक तोंडाशी फाटलेलं गॅस्केट.

प्लग काढलाच आहे तर त्याचा रंग बघा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं, तेलकट काळं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. पांढरट, भाजलेला म्हणजे हवा जास्त. तीन प्लगांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, तिन्ही सारखेच बिघडलेले दिसले तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत आहे. हा भेद फार उपयोगी पडतो. प्लगचा गॅप डोळ्याने ठरवू नका, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. कार्बोरेटरच्या जुन्या मॉडेलला गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी लागतो, एमपीएफआयला त्याहून जास्त. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

पावसाळ्यातली थरथर

जून ते सप्टेंबर एवढ्यातच त्रास होत असेल, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, तर आधी प्लगच्या वायरी आणि असेल तिथे डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या पार्टची) कॅप बघा. रात्री गाडी पूर्ण अंधारात उभी करा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि झाडांना मारायच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा द्या. जिथे इन्सुलेशन फुटलंय तिथून निळसर रेघ वायरीवरून धातूकडे सरपटताना दिसते, आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. डोळ्यांना दिसलेला दोष म्हणजे शंकाच उरली नाही. मात्र हात वायरींपासून लांब ठेवा. हा करंट जोरात बसतो. कॅप काढून आत बघा: पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खुंटीपासून दुसरीपर्यंत गेलेली असेल तर कॅपला तडा गेलाय. पुसून ती जात नाही, कॅप बदलावीच लागते.

पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटमध्ये शिरतात हेही ध्यानात असू द्या. ते वायरींबरोबर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्याही कुरतडतात, आणि वायर तुटलेली चटकन दिसते, नळीचा मागच्या बाजूचा चावा दिसत नाही.

हवेची गळती

एमपीएफआय गाडीत आत किती हवा जातेय याचा हिशेब ठेवून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल सोडतं. मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा हिशेब मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबावरून होतो, मॅप सेन्सरमार्फत. आता एखादी नळी फुटली आणि थ्रॉटलला (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला) वळसा घालून हवा आत शिरली तर आतला दाब वाढतो. ईसीयूला वाटतं इंजिनावर भार आलाय, आणि ते पेट्रोल वाढवतं. रेस चढते. पण पाय ॲक्सिलरेटरवर नाही, थ्रॉटल बंद आहे आणि रेस मात्र जास्त, हे दिसल्यावर तेच ईसीयू गाडी उतारावर चालल्यासारखं समजून पेट्रोल तोडतं. रेस पडते, इंजिन बंद पडायच्या बेतात येतं, पेट्रोल पुन्हा चालू होतं. हंटिंग म्हणजे हेच चक्र. यात सेन्सर बिघडलेला नसतो, ईसीयू बिघडलेलं नसतं, तरी अनेकांना याच टप्प्यावर "ईसीयू गेलं" असं सांगितलं जातं.

गळती एका सिलिंडरच्या इनटेक तोंडाशी असेल तर चित्र वेगळं दिसतं. हवा फक्त त्या एकाला जास्त जाते, तो मिस मारतो, आणि बाकीचे दोन ठीक चालतात. प्लग बदलून काही होत नाही, कारण प्लग चांगलाच असतो.

शोधायची पद्धत अशी. इंजिन स्लोला ठेवा आणि मॅनिफोल्डकडे जाणारी एकेक रबरी नळी पक्कडीने, मध्ये कापडाची घडी घालून, काही क्षण दाबून धरा: ब्रेक बूस्टरची, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची), मॅप सेन्सर सोडून बाकी लहान नळ्या. जी दाबल्यावर इंजिन शांत होतं, गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या पार्टमध्ये आहे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटसाठी साबणाच्या पाण्याचा फवारा सांध्यांवर मारा. गळती असेल तिथे पाणी आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनरचा फवारा यासाठी सर्रास वापरतात, पण तो पेट घेतो आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला असतो. पाण्याने काम होत असताना ती जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या शेजारच्या काकांच्या एमपीएफआय ८०० ला नेमका हाच त्रास होता. सकाळी गार इंजिन छान चालायचं, बाजारापर्यंत गेलं की रेस वर-खाली व्हायला लागायची आणि कधी खाली आलेली तशीच बंद पडायची. प्लग नवे, फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ केलेली, आणि प्रत्येक वेळी स्लो थोडी वाढवलेली. नळ्या वरून बघितल्या तर सगळ्या धड. पीसीव्हीची नळी जिथे मॅनिफोल्डजवळ वळते, तिथे खालच्या अंगाला बोट फिरवलं तेव्हा रबर फुगलेलं आणि ऑइलने मऊ झालेलं लागलं. इंजिन गरम असताना तिथे अंगठा दाबून धरला आणि हंटिंग जागच्या जागी थांबलं. काढून वाकवली तर वळणाच्या पोटात नखभर लांब चीर होती. गार असताना रबर आवळून चीर मिटून राहायची, गरम झाली की उघडायची. म्हणून गॅरेजमध्ये सकाळी सोडलेल्या गाडीत कुणालाच काही सापडत नव्हतं.

नळी बदलली तरी काम पुरं झालं नाही, कारण मधल्या काळात पिळलेला स्क्रू तसाच होता. थ्रॉटल बॉडीवर चकती कुठे थांबायची ते ठरवणारा एक लहान स्क्रू असतो, आणि त्यावर कंपनीतून बहुधा रंगाचा ठिपका असतो. एमपीएफआयमध्ये हा स्क्रू स्लो वाढवण्यासाठी नसतोच. तो आत घातला की थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही, ईसीयूला वाटतं ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे, आणि स्लो सांभाळायचं आपलं काम ते सोडून देतं. मग एसी लावला तर भरपाई नाही, हेडलाइट लावले तर भरपाई नाही. ठिपका तुटलेला दिसला तर आधी हा स्क्रू जागेवर आणा. ॲक्सिलरेटरची केबल ढिली करून थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज मल्टिमीटरने बघायचं. बऱ्याच गाड्यांत बंद थ्रॉटलला ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये मिळते. त्याशिवाय पुढच्या कुठल्याही तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमध्ये इंजिनाची ओढ किती ते दाखवणारं मीटर) मिळालं तर उत्तम. जुन्या गाडीवर प्रेम असणाऱ्याने ते विकत घ्यावंच. निरोगी इंजिन स्लोला, समुद्रसपाटीवर, १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी धरा. पुणं ५६० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईत २० दाखवणारं इंजिन पुण्यात १८ दाखवेल आणि ते अगदी बरोबर आहे. महाबळेश्वरात आणखी खाली. काटा स्थिर पण फार खाली असेल तर हवेची गळती किंवा चुकलेलं टायमिंग. तालावर एक-दोन इंच खाली उडी मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला तर कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर तुंबलाय.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडे "गाडी गरम होऊ नये" म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ न देणारा) काढून टाकायची पद्धत आहे. एमपीएफआय गाडीत त्याचा थेट परिणाम स्लोवर होतो. इंजिन हवं तेवढं तापत नाही, ईसीयूला ते कायम गार वाटतं आणि ते चोक लावल्यासारखं जास्त पेट्रोल सोडत राहतं. प्लग काजळतात, ॲव्हरेज पडतं, सीओ वाढतो, आणि साफ केलेले प्लग थोड्याच दिवसांत पुन्हा काळे होतात. टेंपरेचरचा काटा हायवेला अगदी खाली राहत असेल तर हे तपासाच. पार्ट स्वस्त आहे. इंजिन खरंच तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि कॅप बघावी; व्हॉल्व्ह काढणं हा त्यावर उपाय नव्हे. काटा ठीक आणि मिश्रण तरीही जाड असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर खोटं सांगत असू शकतो. गार आणि गरम अशा दोन्ही वेळी त्याचा रेझिस्टन्स मोजून मॅन्युअलशी ताडून बघा.

चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर कोड वाचून घ्यावा. मात्र मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर २०१० च्या आधीच्या गाडीशी बहुधा बोलणारच नाही. जुन्या गाड्यांचे कोड दिव्याच्या उघडझापीवरून वाचावे लागतात किंवा त्या कंपनीचं जुनं मशीन असलेला माणूस शोधावा लागतो.

कार्बोरेटरची गाडी असेल तर

इथे स्क्रू पिळणं रास्त आहे, पण त्यातूनही निदान करायचं. गरम इंजिनावर मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू आत घ्या. ठीक असलेल्या कार्बोरेटरमध्ये इंजिन आधी अडखळतं आणि मग बंद पडायला येतं. स्क्रू पूर्ण आत गेला तरी काहीच फरक पडत नसेल, तर स्लो सर्किट (स्लोला पेट्रोल पुरवणारी बारीक वाट) तुंबलंय आणि गाडी मुख्य जेटच्या (पेट्रोलच्या बारीक भोकाच्या) गळतीवर कशीबशी चालतेय. चावी फिरवल्यावर कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडमधून (विजेवर उघडणाऱ्या झडपेतून) "टक्" आवाज आला पाहिजे. नाही आला तर स्लो जेटला पेट्रोल मिळतच नाही, आणि अशी गाडी पाय काढला की बंद पडते. जेट हवेने साफ करा. तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि त्याचे नट तपासा, तिथूनही हवा शिरते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा मुद्दा कार्बोरेटरवाल्यांना सगळ्यांत जास्त लागू आहे. २०२२ मध्ये देशात मिश्रण १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या इंधनाला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक स्वतः भरून काढते. कार्बोरेटरला ते कळत नाही, आणि पूर्वीच्या पेट्रोलवर बसवलेली सेटिंग आता पातळ पडते, म्हणून मिक्स्चर नव्याने बसवून घ्यावं लागतं. जुन्या रबराच्या पेट्रोल नळ्या आणि डायफ्रॅमही इथेनॉलने लवकर खराब होतात. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून इंधनात पाणी उतरतं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉल त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. महिन्यांनी सुरू केलेली गाडी थरथरते त्यामागे हेही असतं.

सीएनजी बसवलेली गाडी

मुंबई-पुणे पट्ट्यात जुन्या गाड्यांपैकी कितीतरी सीएनजीवर चालतात. त्यांच्या मालकांना एक फुकटची चाचणी मिळालेली आहे: त्याच मिनिटाला पेट्रोलवर स्विच करा. थरथर गेली तर दोष सीएनजीच्या बाजूला आहे: रेग्युलेटर, मिक्सर, ट्यूनिंग. दोन्हीवर सारखीच राहिली तर स्पार्क, कॉम्प्रेशन किंवा हवेची गळती. दोन्हीवर आहे पण सीएनजीवर जास्त, तर इग्निशनकडे वळा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून दमलेला प्लग किंवा वायर पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते. इनटेकमध्ये बसवलेल्या मिक्सरचे सांधेही ढिले होतात, तेही साबणाच्या पाण्याने बघा. गॅसच्या उच्च दाबाच्या लाइनला मात्र घरी हात लावायचा नाही. टाकीत २०० बार दाब असतो, ते काम अधिकृत फिटरचंच.

सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून आपण खूश असतो. तिथेच खरा धोका असतो. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आवाज न करता कमी होत जातो. शेवटी गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, सिलिंडर स्लोला मिस मारतो, रेस दिली की ठीक वाटतं, आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. ८०० च्या इंजिनात टॅपेट स्क्रूने जुळवता येतात, एका दुपारचं काम आहे. गॅप वेळच्या वेळी बघितला तर हेड उतरवायची वेळ येत नाही.

कॉम्प्रेशन

वरचं सगळं निर्दोष निघालं आणि एकच सिलिंडर हट्टाने मेलेला असेल तर प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून कॉम्प्रेशन मोजा. बॅटरी पूर्ण चार्ज, तिन्ही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशनचे कनेक्टर सोडवलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मग स्टार्टर फिरवायचा. तिन्ही सिलिंडरांतला फरक एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत हवा. एक खूप खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, आणि अशा वेळी आधी टॅपेटचा गॅप बघून मगच हेड उतरवायला द्यायचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय.

दुरुस्ती झाली की गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. इंजिन गरम करा, एसी, हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावा, ब्रेक दाबून धरा आणि दोन मिनिटं स्लो ऐका. मग बंद करा, दहा मिनिटं तशीच ठेवा, गरम इंजिन पुन्हा सुरू करून बघा. बॅटरी काढली असेल तर ईसीयूला स्लो पुन्हा शिकायला थोडं चालवावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवशी किंचित चढ-उतार दिसला तर लगेच स्क्रूकडे हात जाऊ देऊ नका. आणि पुढच्या आठवड्यात पीयूसी पुन्हा काढून एचसीचा आकडा आधीच्या पावतीशी ताडून बघा. तो खाली आला असेल तर दोष गेलाय. गाडी शांत वाटतेय पण आकडा तसाच आहे, तर रेस वाढवून तो झाकलाय आणि गाडी परत न्यायला हवी.